सामानात पिवळा झगा कोण भरतं रे?

मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की बंड करून गादीवर बसलेले सगळे एकाच माळेचे मणी, आणि मी तोंड उघडायच्या आत तुझं स्टेशन आलं. आता भोग फळं, वाच हे सगळं.

माझा माणूस झाओ क्वांगयिन, चीनच्या सोंग घराण्याचा पहिला सम्राट. 927 साली लुओयांगला जन्म, बाप लष्करात, पोरगाही लष्करात. तेव्हा तिकडे नुसता खेळखंडोबा चाललेला, 907 ते 960 या 53 वर्षांत उत्तरेत पाच घराणी आली नि गेली, ज्याच्या हातात फौज त्याची गादी. 951 मध्ये ग्वो वेइ नावाच्या सेनापतीला त्याच्याच शिपायांनी पिवळा झेंडा फाडून अंगावर गुंडाळला आणि झाला तो राजा. झाओ त्याच्याच फौजेतला, म्हणजे धडा घरचाच.

मग 959 ला पुढचा राजा चाय रोंग तरुणपणीच गेला, गादीवर सहा-सात वर्षांचं पोर. 960 च्या नववर्षालाच बातमी आली की उत्तरेकडून खितान, म्हणजे सीमेपलीकडचे शत्रू, चालून येतायत, झाओ फौज घेऊन राजधानी काइफेंगमधून निघाला, पहिला मुक्काम चेनछियाओला. रात्री म्हणे भरपूर दारू पिऊन गाढ झोपला, पहाटे अधिकारी तलवारी उपसून दारात, हा डोळे चोळतोय तोवर अंगावर पिवळा झगा! आता तो रंग फक्त सम्राटाचा. लढाईला निघताना सामानात असला झगा कोण भरतं रे? आणि खितानांचं काय झालं ते पुन्हा कुणी विचारलंच नाही. राजवाड्यात तर अजून कमाल, गादी सोडल्याचा हुकूमनामा लिहायचा राहिलाय म्हणून खोळंबा झाला, तर ताओ गू नावाच्या एका दरबाऱ्याने तो बाहीतूनच काढून दिला, आधीच लिहून ठेवलेला.

पण घोड्यावर बसायच्या आधी त्याने शिपायांकडून कबूल करून घेतलं, शहर लुटायचं नाही, पोराला नि त्याच्या आईला हात लावायचा नाही. हान तोंग नावाचा सेनापती तेवढा कुटुंबासकट मारला गेला, तो डाग आहेच, मी लपवत नाही. पण शहर वाचलं आणि ते पोर पुढे 973 पर्यंत जगलं. त्या काळात हे फार होतं बाबा.

आणि 961 ची ती पार्टी! शी शोउशिन वगैरे जुने यारदोस्त, सगळे सेनापती, सोबत दारू. मध्येच हा म्हणतो, मला रात्री झोप लागत नाही. का? तर तुम्ही इमानी आहात हो, पण उद्या तुमच्या शिपायांनी तुमच्या अंगावर झगा टाकला तर तुम्ही काय करणार? सगळ्यांची उतरलीच. दुसऱ्या दिवशी एकेकाची तब्येत बिघडली, राजीनामे आले, मोबदल्यात पैसा, जमिनी, वर राजघराण्याशी सोयरीक. एक मुंडकं उडालं नाही. स्वतःची चोरी स्वतःला पक्की माहीत असलेला माणूस होता तो.

याची किंमत मात्र पुढच्यांनी मोजली. सेनापतींना फौजेपासून तोडून ठेवायची रीतच पडली, सेनापतीला शिपाई ओळखेना, शिपायाला सेनापती, आणि 1127 मध्ये उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी काइफेंग घेऊन दोन-दोन सम्राट उचलून नेले. सगळं खापर मी झाओवर फोडणार नाही, पण सुरुवात त्याचीच.

रागीटही होता हां. एकदा पाखरं मारत बसलेला असताना एक अधिकारी तातडीचं काम म्हणून आला, काम निघालं साधंच, याने हातातल्या कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचे दोन दात पाडले. तो शांतपणे दात उचलतोय. हा ओरडला, दात घेऊन फिर्याद करणार की काय? तो म्हणे मी कशाला, इतिहास लिहिणारे लिहितीलच. मग याने पैसे देऊन समजूत काढली.

976 ला गेला, पन्नाशीही नाही. शेवटच्या रात्री धाकट्या भावाबरोबर पीत बसलेला, बाहेरच्यांना म्हणे मेणबत्तीच्या उजेडात सावल्या हलताना दिसल्या, कुऱ्हाडीचा आवाज आला, आणि सकाळी गादीवर भाऊ, दोन मुलगे असूनसुद्धा. सगळ्या सेनापतींचा बंदोबस्त केला, पण भावाला राजीनामा कोण मागणार?

दिवाळीत येशील तेव्हा बाटली तू आण. झोप लागत नाही वगैरे सुरू केलंस तर मी उठून घरी जाईन.

तुझाच,
बंड्या