सँटोरिनीच्या वेलीची चुंबळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरच्या वाइनबद्दल तू विचारलंस. बाटलीकडे नंतर वळू. आधी तिथली वेल बघ.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास ज्वालामुखी फुटला आणि बेटावर राख नि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र दगडाचा जाड थर बसला. या मातीला तिथे ‘आस्पा’ म्हणतात. तिच्यात चिकणमाती जवळजवळ नाहीच, त्यामुळे वेलीची मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड तग धरत नाही. एकोणिसाव्या शतकात या किडीने युरोपभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या, सँटोरिनी वाचलं. तुझ्या द्राक्षबागेत क्षार आणि पाणीटंचाईपायी डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम करावं लागतं. तिथली वेल आजही स्वतःच्याच मुळावर वाढते.

मांडव नाही, तार नाही. उन्हाळ्यात पाऊस जवळपास नसतोच आणि उत्तरेकडचा जोरदार मेल्टेमी वारा सुटतो. हिवाळी छाटणीत काही लांब काड्या राखून, जमिनीलगत एकमेकींत गुंफून, चुंबळीसारखं कडं करतात. हा ‘कुलूरा’. दरवर्षीची काडी आधीच्या कड्यावर चढवत नेली की त्याची टोपली होते आणि घड आत, पानांच्या सावलीत पिकतात. काडी घाईने वाकवली तर पेरापाशी तडकते. वीण सैल पडली तर घड बाहेर लोंबतात; मग वाऱ्याबरोबरची वाळू मण्यांची साल खरवडते आणि ऊन त्यांना करपवतं.

७५-८० वर्षांत टोपली इतकी वाढते की मुळापासून डोळ्यापर्यंतची वाट लांबते, माल घटतो. तेव्हा बुंध्याशी कापून नवा फुटवा धरतात. म्हणून तिथे टोपलीचं वय वेगळं, मुळाचं वेगळं. काही मुळं शेकडो वर्षांची आहेत. मला तरी या बेटाचा खरा इतिहास तिथेच दिसतो.

१२०४ नंतर हे बेट व्हेनिसच्या सरदारांकडे गेलं आणि ‘विन्सांतो’ या गोड वाइनचा व्यापार वाढला. ऑगस्टमध्ये तोडलेले आसिर्तिको आणि आयदानी या द्राक्षजातींचे घड साधारण दोन आठवडे उन्हात पसरतात. थर जाड झाला तर बुरशी धरते. फार वाळवले तर बेदाणाच होतो, रस निघत नाही. नेमक्या वाळलेल्या द्राक्षांच्या रसात साखर एवढी असते की यीस्ट मध्येच थकतं आणि गोडी शिल्लक राहते. पुढे निदान २४ महिने ओकच्या पिंपात. ती गोडी चिकट वाटत नाही, कारण आसिर्तिको कडक उन्हातही आंबटपणा सोडत नाही. माझ्या मते या द्राक्षाचा मोठेपणा तोच.

रशियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रसादासाठी ही वाइन जायची. १९१७ च्या क्रांतीने ते गिऱ्हाईक तुटलं. १९५६ च्या भूकंपाने घरं पडली, माणसं बेट सोडून गेली. १९७१ मध्ये वाइनवरच्या सँटोरिनी या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आता हॉटेलांसाठी बागा मोडतात, याची मला खरी काळजी वाटते. टोपली कापली तर पुन्हा फुटते, पण मूळच उपटलं की त्यावर विणायला काही उरत नाही.

बाटली मिळाली तर कोरडं, म्हणजे गोडी नसलेलं, आसिर्तिको आधी घे, विन्सांतो जेवणानंतर.

तुझा मित्र