स्कॉलरशिपची यादी

सोलापूर

प्रिय दोस्ता,

"कॉलेजात एवढं काय झालं बे?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा आई शेजारीच होती. म्हणून विषय टाळला. आता सविस्तर लिहितो.

तास चालू असताना ऑफिसातून एक कागद आला. सर म्हणाले, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." आम्ही काहीजण उठलो. सरांनी एकेकाचं नाव घेतलं, कुणाचा जातीचा दाखला राहिलाय, कुणाचा उत्पन्नाचा, सगळं वर्गासमोर वाचलं. मागून आवाज आला, "सरकारचे जावई!" आणि सर हसले. त्या पोराच्या बोलण्यापेक्षा सरांचं हसणं मला जास्त लागलं. दुपारी तीच यादी बोर्डावर लागली, नावापुढे जातीसकट. माझ्याच बाकावरच्या मुलानं विचारलं, "तुला किती मार्कांवर ॲडमिशन मिळाली?" मला त्याच्यापेक्षा जास्त आहेत, पण ते सांगावंसं वाटलं नाही. कमी असते तर हा अपमान चालला असता का?

रात्री आईला सांगितलं. ती विड्या वळत होती. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. हजार झाल्याशिवाय तिची मान वर होत नाही. विड्या खराब म्हणून कारखान्यात बाजूला काढल्या तरी ती बोलत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पानं तिथूनच आणायची असतात. मला म्हणाली, "शिकायचंय ना? मग सोड." तिची भीती खोटी नाही. पण मला सोडवेना.

वस्तीतल्या एका दादानं यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१२ सालचे नियम दाखवले. विद्यार्थ्यांची जात वर्गात तोंडी किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गानं जाहीर करायची नाही, 'राखीववाले' असा शिक्का मारायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तक्रार ऐकायला भेदभावविरोधी अधिकारीही नेमायचा असतो. आमच्याकडे तो कोण, हे ऑफिसातही कुणाला सांगता आलं नाही.

प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. आणखी दोघांनी सह्या केल्या. बाकीचे घाबरले, त्यांना मी दोष देत नाही. क्लार्क अर्ज घेईना. "इंटर्नलचे मार्क सरांच्याच हातात आहेत, बघ बाबा," म्हणाला. मी म्हटलं, "अर्ज घ्या आणि पोच द्या." आवाज कापत होता, पण शिक्का घेऊनच हललो.

दोस्ता, बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ च्या जानेवारीत आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं, ते याच सोलापुरात. शंभर वर्षं उलटली. आज आपण बाकावर बसतो ते आपल्या हक्कानं. दरवर्षी एकदा उठून कुणाकडून हसून घेण्यासाठी नाही. अर्जानंतर प्राचार्यांच्या कॅबिनमध्ये मी हे जवळजवळ याच शब्दांत बोललो.

बोर्डावरची यादी काढली. आता राहिलेल्या कागदांचं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर कळवतात. सरांनी माफी मागितली नाही, माझ्याकडे बघतही नाहीत. अधिकाऱ्याचं नाव अजून लागलेलं नाही, त्यासाठी दुसरा अर्ज तयार आहे. सह्या करणारे आता वाढलेत. पहिल्यांदा नाही म्हणालेली एक मुलगी परवा स्वतःहून पेन मागायला आली.

पहिल्या अर्जाची झेरॉक्स सोबत जोडतोय. तुमच्या पुण्यातल्या कॉलेजात याद्या कशा लावतात ते बघ आणि लगेच कळव. लागलाच तर नाव-गाव बदलून हाच अर्ज दे, फक्त पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

तुझाच
दोस्त