रविवारचा टेकडी वॉक - आठवण आणि दोन-चार गोष्टी

मंडळी नमस्कार, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडी, आणि साडेसहा म्हणजे साडेसहाच, मागच्या वेळी अर्धा ग्रुप चहा घेऊन येतो म्हणाला आणि आठला उगवला 😄

या वेळी नुसतं फिरायचं नाहीये, झाडं बघायचीत. गणेर फुललाय सध्या, फांद्यांवर एक पान नाही आणि टोकाला हाताच्या पंज्याएवढी पिवळीधमक फुलं, खाली पडलेलं एखादं उचलून बघा, मधे केशरी पुंकेसरांचा झुपका असतो. पळसही असेल. आणि जे सगळीकडे दिसतं ते गिरीपुष्प मात्र आपलं नाही, मध्य अमेरिकेतलं, झटपट वाढतं म्हणून लावलं, बिया उंदरांना विषारी म्हणून त्याला उंदीरमारी पण म्हणतात. हिरवं दिसलं की झालं असं नसतं हो, आपल्या वड-उंबराचं फळ मात्र पक्षी, वटवाघळं, खारी सगळ्यांना चालतं.

सोसायटीतली मुलं आणा, दर वेळी आपणच आपल्याला काय सांगायचं!

पाण्याची बाटली घरूनच, स्पीकर नको, फुलं तोडायची नाहीत. गवत वाळलंय, काडीपेटी-सिगरेट अजिबात नको, एका ठिणगीत सगळा उतार काळा होतो आणि त्यात आपण पावसाळ्यात लावलेली रोपं आधी जातात.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाका, नुसता अंगठा नको, मोजताना घोळ होतो.