चिमीचं परकर-पोलकं

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि विषय पावसावर जातो. म्हणून लिहायला बसले. सुनबाईने वाचलं तरी चालेल, चिमीच्या हाती मात्र हे पत्र लागू देऊ नकोस.

मे महिन्यात तुम्ही चिमीला इथे सोडून गेलात, त्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. दुपारी मी मधल्या खोलीत गेले तर पोरगी लोखंडी कपाटाच्या आरशासमोर कडेने उभी. फ्रॉक दोन्ही हातांनी मागे घट्ट ओढून धरलेला, श्वास रोखलेला, तोंड लालबुंद. मला वाटलं, काहीतरी खेळ चाललाय. मला बघून तिने श्वास सोडला आणि विचारलं, "आजी, रोज किती वेळ पोट आत धरलं की ते कायमचं आत जातं?"

दहा वर्षांची आहे रे ती.

मी तिला जवळ घेतलं, कारण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. शाळेत सगळ्यांची वजनं घेतली आणि वर्गात नाव-आकडा मोठ्याने वाचून दाखवला. तिचा आकडा वर्गातल्या मुलींत दुसरा. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. फोनवर मैत्रिणीबरोबर फोटो काढला की त्यात नाक बारीक आणि गाल आत होतात, मग खरा चेहरा बघावासा वाटत नाही. शेवटी, अगदी हळू आवाजात, "बाबा पण मला ढब्बू म्हणतात."

बाळा, तू ते किती लाडाने म्हणतोस, मला माहीत आहे. ती तीन वर्षांची असताना "ढब्बूताई, जेवायला चला" म्हटलं की खिदळत यायची. पण तीन वर्षांच्या चिमीला त्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता. आता कळतो. आणि बाकीच्यांनी चिडवलं तर ते परके असतात. बाबा म्हणाले म्हणजे ते खरंच असणार, असं मूल धरून चालतं.

गेल्या वर्षी याच पोरीने आपल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला सुरुवात केली होती. आठवड्यात डबा सोडला. मुटका मारायची तर पाणी वरच्या थारोळ्यापर्यंत उडायचं आणि काठावरची सगळी पोरं ओरडायची. यंदा ती पायरीवर टी-शर्ट घालून बसून राहिली. "पाणी गार आहे" म्हणाली. मे महिन्यात.

तुला ठाऊक आहे, मी तीस वर्षं नर्सबाई म्हणून गावोगाव हिंडले. अंगणवाडीच्या वाशाला काटा टांगायचा, झोळीत मूल बसवायचं आणि आकडा वाचायचा. तक्त्यावरची रेघ वर सरकली की मूल, त्याची आई आणि मी, तिघंही हसायचो. वजन वाढलं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची बातमी होती. तेच वाढणं मुलगी नऊ-दहाची झाली की घराला खुपायला लागतं, हे मला कधीच नीट समजलेलं नाही.

चिमीच्या अंगात आत्ता काय चाललंय, ते तू समजून घे. पुरुषांना हे कुणी सांगत नाही. मुलींचं वयात येणं ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही सुरू होतं. पाळी येण्याच्या आधीची दोन-अडीच वर्षं शरीर सामानाची जमवाजमव करत असतं. उंची झपाट्याने वाढते, त्याच्या आगेमागे पोट, मांड्या, कंबर भरते. वयात येण्याच्या चार-पाच वर्षांत मुलीचं वजन १५-२० किलोंनी वाढतं, आणि ते वाढायलाच हवं. ती चरबी रोग नव्हे, पाळी नीट यायला शरीराला ती लागते. हाडांत कॅल्शियमचा आयुष्यभराचा बहुतेक साठा अठराव्या वर्षाच्या आत जमा होतो. या वयात ताटातली भाकरी काढून घेतली तर ती हाडांतून आणि रक्तातून वसूल होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती त्यासाठीच. आधीच निम्म्याहून अधिक पोरी फिकट, आणि वर आपण त्यांना खाण्याची लाज शिकवायची!

आणि मोठ्या माणसांचं बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं, गणित तिला लावू नकोस. मुलांचं वजन-उंची वयाच्या तक्त्यावर बघायचं असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वयासाठी आपल्याकडच्या मुलांचे तक्ते काढले आहेत. तुमच्या डॉक्टरांकडे ते असतात. शंका असेल तर त्यांना विचार, आणि विचारताना चिमीला बाहेर बसव. मी तिची उंची-वजन बघितलं आहे. पोरगी ठीक आहे. समजा नसती, तरी बदलायचं असतं ते सगळ्या घराचं खाणं आणि हिंडणं. एकटीच्या ताटावर डोळा ठेवायचा नसतो.

आता जे लिहिते ते लिहिताना जड जातंय.

तू तेव्हा सहावीत होतास, ताई नववीत. ताईचं अंग लवकर भरलं होतं. घरी येणाऱ्या बायका तिच्यासमोर म्हणायच्या, "रंग उजळ नाही, त्यात अंगानेही थोराड. पण नाकीडोळी नीटस आहे हो." त्या 'पण'ने मी सुखावायचे. मीच तिला म्हणायचे, "दुसऱ्यांदा भात घेऊ नकोस, उद्या दाखवायला बसवायचंय तुला." चौदा वर्षांच्या पोरीला! ती डबा शाळेच्या वाटेवरच्या गाईला घालायची, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. २६ जानेवारीला झेंड्यासमोर ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. मी रोज दुसऱ्यांच्या मुलींच्या पापण्या खाली ओढून लाली बघत होते आणि माझ्या घरातल्या पापण्या मी बघितल्या नव्हत्या.

ताई आज पंचेचाळीशीला आली. तिचा कुठल्याही लग्नातला फोटो काढून बघ. ती कायम दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभी असते. फोटोत निम्मीच दिसते. ते मी केलं आहे. तिची मी माफी मागितली, ती "जाऊ दे गं आई" म्हणाली, पण उभी अजून मागेच राहते.

म्हणून मला चिमीची घाई झाली आहे.

आपल्या लोकांना दुसऱ्याच्या अंगावर बोलण्याची इतकी सवय आहे की ते बोलणं आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. दारात पाऊल टाकलं की पाण्याच्या तांब्याआधी "किती वाळलीस गं!" नाहीतर "सुटलीस हो चांगली!" बारीक असली तर काडीपैलवान, सुकट, तुरकाटी, भरलेली असली तर ढोली. मधल्या पोरीला काय म्हणायचं, त्याला शब्दच नाही. म्हणजे वाळलेली आणि सुटलेली यांच्यामध्ये उभं राहायला जागाच नाही. मुलगा आला की आपण म्हणतो, "बेटकुळी दाखव बघू." मुलगी नवा फ्रॉक घालून आली की म्हणतो, "गोल फिरून दाखव." एकाला अंगाने काय करता येतं ते विचारायचं, दुसरीला अंग कसं दिसतं ते.

नोकरीत असताना एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरले नाही. फिजी बेटांवर पूर्वी भरलेलं अंगच चांगलं मानत. कुणी वाळलं तर लोक काळजीने विचारत, अगदी आपल्यासारखंच. १९९५ साली तिथल्या नांद्रोंगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर नावाच्या हार्वर्डच्या संशोधक बाईंनी तेव्हा शाळकरी मुलींशी बोलून ठेवलं होतं, आणि १९९८ मध्ये तशाच वयाच्या मुलींना पुन्हा विचारलं. शंभरातल्या ७४ जणींना आपण फार जाड आहोत असं वाटायला लागलं होतं. वजन उतरवण्यासाठी उलटी काढणारी मुलगी आधी एकही सापडली नव्हती. तीन वर्षांनी ११ टक्क्यांवर होत्या. तिथे तो टीव्ही होता, घरात एका जागी ठेवलेला. चिमीच्या हातात तो खिशात मावेल एवढा आहे आणि तिचाच चेहरा दुरुस्त करून तिला दाखवतो. तो काढून घे, असं मी म्हणत नाही, ते आता होणार नाही. पण एकदा तिच्याशेजारी बसून तुझा स्वतःचा फोटो त्यात घाल, तुझं नाक कसं बारीक होतं ते दोघं मिळून बघा. खोटं कसं तयार होतं ते डोळ्यांनी दिसलं की त्याचा धाक कमी होतो.

'ढब्बू' आजपासून बंद कर. त्याबद्दल तिच्याशी मोठं भाषण करू नकोस. एकदाच म्हण, "मी तुला तसं म्हणत होतो ते चुकलं." आणि त्याच्या जागी "बारीक झालीस, छान दिसतेस" हेही आणू नकोस. त्यातूनही तिला तेच ऐकू येतं, की बाबांची नजर आपल्या पोटावर आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मुली मोठ्या व्हायला लागल्या की आपल्याकडचे बाप लांब सरकतात. खांद्यावर घेणं थांबतं, कुस्ती थांबते, सायकलच्या मागे पळणं थांबतं. संकोच असतो, मला समजतं. पण मुलीला एवढंच कळतं की माझं अंग बदललं आणि बाबा गेले. अण्णांनी ताईशी असंच केलं. तिच्या अंगाबद्दल बोलणं सोड, पण तिच्याबरोबर पळणं, पोहणं, डोंगर चढणं सोडू नकोस. तिला नको असेल तिथे ती सांगेल, ते ऐक. आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिची ती शर्यत चिमीबरोबर बसून बघ. त्या मांड्यांनी अडथळे कसे ओलांडले ते बघू दे तिला.

सुनबाईला एक निरोप, आणि हा टोमणा समजू नये. ती सकाळी काट्यावर उभी राहून सुस्कारा सोडते, "आज मला पोळी नको" म्हणते, ते चिमीने मला हुबेहूब करून दाखवलं. तिलाही कुणीतरी 'पण' लावूनच वाढवलं असणार. काटा पलंगाखाली सरकवा. ताटात सगळ्यांना सारखं वाढा, आणि "पुरे" कधी म्हणायचं ते चिमीला ठरवू दे.

लक्ष मात्र ठेव. जेवण लपवायला लागली, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊन कोंडून घ्यायला लागली, भराभर वजन उतरलं, किंवा सुरू झालेली पाळी थांबली, तर "वयच आहे असं" म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. नातेवाईक काही बोलले तर तिच्यासमोरच, शांतपणे म्हण, "आमच्याकडे अंगावर बोलत नाहीत." वाईट वाटेल त्यांना. वाटू दे. मी ताईसाठी ते एक वाक्य बोलले नाही.

दिवाळीला दोन दिवस जास्त काढून या. तोवर विहिरीचं पाणी निवळतं. तू आधी मुटका मार. तुझंही पोट सुटलंय ते उघडं टाकून मार, ती बघत असताना. तिला ये म्हणून आग्रह करू नकोस, नुसतं पाणी उडव.

गौरीसाठी चिमीला खणाचं परकर-पोलकं शिवतेय. टेप लावून माप घेऊ नका. तिला अंगाला सैलसर बसणारा एखादा फ्रॉक पाठव, त्यावरून मी बेतीन. दोन्ही कडांना आत चांगली दोन-दोन बोटं माया ठेवणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून मोठं करता येईल.

तुझी,
आई