पावसाळ्यात उभं विमान आतून गंजतं

महोदय,

छोटं विमान घेण्याची चर्चा निघाली की किंमत, परवाना आणि एव्हगॅसचा (छोट्या विमानांच्या पेट्रोलचा) खर्च यांवरच बोललं जातं. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तास उड्डाण करावं लागतं. त्यात विमान उडवायला शिकतात. जून ते सप्टेंबर ते उभं कसं ठेवायचं, याकडे मात्र दुर्लक्ष होतं. आपल्याकडच्या हवेत इंजिनाचं खरं नुकसान त्याच चार महिन्यांत होतं.

बऱ्याच जुन्या सेसना १७२ मध्ये आणि पायपर वॉरियरमध्ये लायकमिंग कंपनीचं ओ-३२० इंजिन असतं. त्याचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वरच्या बाजूला बसवलेला आहे. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली सम्पमध्ये (तेलाच्या टाकीत) जातं आणि कॅम उघडा पडतो. दमट हवेत नव्या इंजिनाच्या सिलिंडरवर दोन दिवसांतही गंज धरू शकतो, असं लायकमिंग स्वतःच सांगते. गंजाचे बारीक खड्डे पडलेला कॅम पुढे त्याला टेकलेले टॅपेट खातो आणि फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस येऊ लागतो. कॅम बदलायचा तर अख्खा क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) उघडावा लागतो. मोठ्या दुरुस्तीआधी २००० तास चालायला हवं ते इंजिन निम्म्यातच खर्चात पाडतं ते असं.

यावर बरेच मालक दर रविवारी जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवतात. त्याने उलट अपायच होतो. जळणातून तयार झालेलं पाणी तेलात उतरतं, पण तेल पुरेसं तापत नसल्याने ते पाणी उडून जात नाही आणि आम्ल साठत जातं. पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवणं त्याहून वाईट, कारण सिलिंडरवर उरलेला तेलाचा थरही पुसला जातो. उपाय एकच: महिन्यातून किमान एकदा, शक्य तर अधिक वेळा, तासभर सलग उड्डाण, तेलाचं तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सिअस ठेवून. फिल्टर असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी तेल बदलावं; तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलावंच.

महिनाभर उड्डाण होणारच नसेल तर एएमईकडून (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याकडून) इंजिन रीतसर जतन करून घ्यावं. संरक्षक तेल भरून इंजिन चालवायचं, वरच्या स्पार्क प्लगच्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेच तेल फवारायचं आणि तिथे सिलिका जेलचे प्लग बसवायचे. निळे दाणे गुलाबी झाले की प्लग बदलायचे. एक्झॉस्ट, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि हवेची तोंडं बंद करायची. पंखा फिरवू नये, अशी पाटी लावायला विसरू नये. वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर आवरण हवंच, नाहीतर कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते आणि टेकऑफच्या वेळी वेगाचा काटा जागचा हलत नाही.

इंधनाच्या टाकीच्या झाकणाचं रबर पावसाळ्याआधी बदलावं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि दर वेळी इंधन भरल्यावर टाकीच्या तळाच्या प्रत्येक ड्रेनमधून (निचऱ्याच्या झडपेतून) इंधनाचा नमुना पेल्यात काढावा. एव्हगॅस १०० एलएल निळसर दिसतं, पाणी तळाशी बसतं. पण पेला पूर्ण पाण्याचाच भरला तर दोन थर दिसतच नाहीत, म्हणून रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर पाहावा आणि वासही घ्यावा.

हे सगळं करूनही उघड्यावरचं विमान ओलंच राहतं. बारामती, धुळे, गोंदिया इथे वैमानिक प्रशिक्षण चालतं. अशा धावपट्ट्यांवर खासगी मालकांना भाड्याने मिळतील असे साधे, हवेशीर हँगर सरकारने आधी उभारावेत. धावपट्टी वाढवण्याचं नंतर पाहता येईल.

– विमान देखभालीच्या क्षेत्रातील एक वाचक