मंडळी सोडत नाही, पण…

सदर, नागपूर
१२ मे

प्रिय विजू,

फोनवर तू एकदम विचारलंस, "काहून रे, मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सोडतोस की काय?" घरचे सगळे बाजूला बसलेले, म्हणून "पत्र लिहितो" एवढंच म्हणालो. मंडळी सोडत नाही. उपासनेत सगळे मिळून श्रद्धेची वाक्यं म्हणतात त्या विश्वासांगीकाराला सगळ्यांबरोबर उभा राहतो, एका देवावरचा विश्वास मोठ्यानं म्हणतो, आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे येशू पित्याइतकाच देव आहे, हे वाक्य आलं की तोंड मिटतो. पुढचं पुन्हा म्हणतो. मागच्या बाकावरच्या मावशींनी हे हेरलं आणि तुझ्यापर्यंत पोचवलं, हे उघड आहे. आपल्याकडे टपालखात्याचं कधी अडलंच नाही.

मला धरलं ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायानं. यहुद्यांचा एक शास्त्री विचारतो, सर्वांत पहिली आज्ञा कोणती? येशू नवं काही सांगत नाही. "हे इस्राएला, ऐक" हेच जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन म्हणतो: आपला देव एकच. शास्त्री म्हणतो, गुरुजी, खरं बोललात, त्याच्यावाचून दुसरा नाही. आता बघ, त्या शास्त्र्याची एका देवाची समजूत अपुरी असती, तर ते सांगायची हीच जागा होती. येशू उलट म्हणतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. पुढच्याच अध्यायात तो सांगतो की शेवटाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला आहे. योहानाच्या सतराव्यात तो प्रार्थनेत पित्यालाच एकमेव खरा देव म्हणतो. आणि धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तो घाम गाळून विनवतो ते कोणाला?

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, तिथे तो मनुष्यस्वभावाने बोलतो. चांगला माणूस, चिडले नाहीत, चहाही पाजला. पण एका व्यक्तीत दोन स्वभाव ही मांडणी बिशपांच्या परिषदेत ठरली ती खाल्सेदोनला, ४५१ साली. मार्कचं शुभवर्तमान पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या हाती ती नव्हती. त्यांनी काय ऐकलं असेल, एवढंच मला हवंय.

तू पाठवलेला तो मेसेज मात्र पुढे ढकलू नकोस. रोमी सम्राट कॉन्स्टंटाईननं नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव केलं, असं झालेलं नाही. ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं गाणारे लोक प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराला दुसऱ्या शतकाच्या आरंभीच भेटले होते. त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीला, लॅटिन शब्द तर्तुल्यन या लेखकानं नायसियाच्या शंभरेक वर्षं आधी वापरला. ३२५ साली नायसियात भांडण होतं ते अलेक्झांड्रियाच्या एरियस या पाळकाचं: पुत्र निर्माण केलेला की नाही? आणि एरियसला आपल्या बाजूचा समजायचं कारण नाही. पुत्र जगाच्या आधीपासून होता, त्याच्याच द्वारे जग झालं, असं तोही मानायचा. त्रैक्य न मानणाऱ्या आजच्या बहुतेक युनिटेरियनांना तेही पटणार नाही. पवित्र आत्म्याबद्दल नायसियाच्या अंगीकारात जेमतेम एक ओळ होती. बाकीचं ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलं जातं. मधल्या काळात पारडं सारखं इकडून तिकडे. एरियसचा विरोधक बिशप अथानासियस, त्याला पाच वेळा हद्दपारी, आणि खुद्द कॉन्स्टंटाईनला ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा दिला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपानं!

म्हणजे कटबिट काही नाही. माणसं तीनशे वर्षं वाद घालत होती, काही प्रामाणिकपणे, काही खुर्चीसाठी. मला खुपतं ते त्यानंतरचं. ३८० साली सम्राट थिओडोसियसनं त्रैक्याची बाजू राजाज्ञेनं पक्की केली आणि दुसरी बाजू गुन्हा ठरली. हा गुन्हा किती टिकला? १५५३ साली जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं, तेही आपल्याच प्रॉटेस्टंट लोकांनी. आपल्या रविवारच्या शाळेत त्या जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन शिकवला, हे कोणी सांगितलं नाही.

तुला वाटतं हे सगळं गोऱ्यांचं. नाही रे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यावरून तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला. ज्यांनी ख्रिस्ती केलं त्यांनाच इतकं ठणकावून विचारायला छाती लागते. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच मदतीनं. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली ती इथे नागपुरात. नायसियाचा अंगीकार तिच्या घटनेतच आहे. बाबा त्या दिवशी मांडवात होते, ते अजून सांगतात. त्यांच्यासमोर हा विषय मी काढत नाही.

आता माझी अडचण. योहानाच्या विसाव्यात पुन्हा उठलेल्या येशूला पाहून त्याचा शिष्य थोमा म्हणतो, "माझा प्रभू व माझा देव." काही युनिटेरियन म्हणतात, ते नुसतं आश्चर्यानं तोंडून निघालं. मला ते पटत नाही. थोमा हे येशूलाच म्हणाला, असं वाक्यातच आहे, आणि येशू त्याला टोकतही नाही. शास्त्र्याला टोकलं नाही म्हणून मी मुद्दा करतो, तर इथेही करावा लागेल. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता असं म्हणणारा, तोही असाच घशात अडकतो. तुझं ग्रीक माझ्यापेक्षा बरं आहे. दोन्ही जागा बघ आणि लिही, फोनवर नको. आणि बाबांना यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
प्रभाकर