फेहू आणि भाऊबंदकी

बर्गन (नॉर्वे), ९ नोव्हेंबर

प्रिय सुध्या,

‘तिकडे जाऊन भविष्य सांगायला लागलास म्हणे, पाटी कधी लावतोस?’ असं विचारलंयस. पाटी कसली, अजून रूनची, म्हणजे इकडच्या उत्तर युरोपातल्या जुन्या कोरीव लिपीची, अक्षरं गिरवतोय! पण विषय काढलाच आहेस, तर आता ऐक.

शेजारच्या आजोबांनी सफरचंदाच्या झाडाची फांदी छाटली, ती मागून आणली. उभी फोडून बोटाएवढ्या २४ चिपा केल्या. जुन्या रूनलिपीत अक्षरं चोवीसच, आठ-आठांचे तीन गट. पहिलं अक्षर फेहू, दिसायला इंग्रजी एफचा भाऊ. म्हणून त्याचे हात आडवे कोरायला गेलो, तर चाकू लाकडाच्या शिरेत घुसून सर्रकन पुढे गेला. ढलपी निघाली, अंगठाही कापला. रूनमध्ये आडवी रेघ का नसते ते तेव्हा कळलं. खऱ्या फेहूचे हात तिरके, वर उचललेले असतात.

सफरचंदच का? टॅसिटस नावाच्या रोमन माणसानं इ.स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांची रीत लिहून ठेवलीय. फळझाडाची डहाळी तोडायची, तुकड्यांवर खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर ते उधळायचे आणि आकाशाकडे बघत एकेक करून तीन उचलायचे. काम गावाचं असेल तर पुरोहित उचलणार, घरचं असेल तर घरचा कर्ता. मला आपल्या देवळातला कौलच आठवला. गुरव गाऱ्हाणं घालतोय आणि सगळ्यांचे डोळे पाकळी उजवी पडते की डावी याकडे. पण गंमत अशी की त्या खुणा रूनच होत्या, असं टॅसिटस कुठंही म्हणत नाही. म्हणजे रून टाकून भविष्य बघायची जी पद्धत आज शिकवतात, ती बरीचशी अलीकडची जुळवाजुळव. दुकानातल्या संचात एक पंचविसावी कोरी चकतीही मिळते, ‘नियती’ म्हणून. ती तर १९८२ च्या एका अमेरिकन पुस्तकातून आलीय. मी ती ठेवलेली नाही.

मग हातात उरतं काय? जुन्या रूनकविता. दर अक्षराला एक कडवं. नॉर्वेजियन आणि आइसलँडिक कवितांत सोळा-सोळा अक्षरं, जुन्या इंग्रजीतल्या कवितेत एकोणतीस. मी आता याच पाठ करतोय. फेहू म्हणजे गुरंढोरं, त्यावरून धन. आपला ‘पशु’ शब्द त्याच मुळातला बरं का! संचासोबतच्या पुस्तिकेत फेहूपुढे लिहिलंय, ‘समृद्धी येईल’. नॉर्वेजियन कविता म्हणते, धनापायी नातलगांत कलह होतो, लांडगा रानात वाढतो. दोन ओळींत अख्खी भाऊबंदकी.

गेल्या रविवारी तीन चिपा उचलल्या, त्यात फेहू आलं. मी आपला बोनसची वाट बघत बसलो. रात्री दादाचा फोन, वरच्या आंब्याच्या बागेवरून काकांनी वकिलाची नोटीस पाठवलीय. आता तू हसशील. हास. योगायोग मलाही कळतो. पण कडवं आधीच पाठ असल्यामुळे फोनवर मी एरवीसारखा भडकलो नाही, एवढं खरं. दुसरी चिप ईसा होती, म्हणजे बर्फ. नुसती उभी रेघ, उलटी काय नि सुलटी काय. तिचा अर्थ मात्र मला अजून लागलेला नाही.

एगिलची सागा म्हणून एक जुनी आइसलँडिक वीरकथा आहे, तिच्यातला एक प्रसंग सांगतो. एक मुलगी आजारी. तिच्या अंथरुणात देवमाशाच्या हाडावर कोरलेले रून सापडतात. एका पोरानं कोरलेले, पण चुकीचे, त्यानंच ती अधिक खंगलेली. एगिल ते खरवडून जाळतो, नवे कोरून उशाखाली ठेवतो आणि बजावतो, वाचता येत नसतील तर रून कोरू नयेत. हे वाचल्यापासून दुसऱ्या कुणासाठी चिपा उचलायच्या नाहीत असं मी ठरवलंय. म्हणून तुझ्या बदलीबद्दल मला विचारू नकोस.

आमच्या इथल्या ब्रिग्गन धक्क्यावर १९५५ साली मोठी आग लागली. नंतरच्या उत्खननात रून कोरलेल्या शेकडो काठ्या निघाल्या. बऱ्याच व्यापाराच्या, काही प्रेमाच्या. एकीवर एवढंच, ‘ग्युदा म्हणते, तू घरी जा.’ कोण कुठं पीत बसला होता कोण जाणे! वर्षभरात मला सगळ्यात आवडलेला रूनलेख हाच.

बाकी, तालुक्याला गेलास की दादाला भेट. बागेचा सातबारा काढून त्याचा फोटो पाठव. काकांचं नाव त्यावर कधी चढलं ते बघायचंय.

तुझा,
बाळ्या